तिसऱ्या बैठकीचं पाकीट

अहल्याताई चिटणीसांनी अठ्ठावीस वर्षांत बडोद्यातल्या मराठी घरांची किती लग्नं जुळवली, हा आकडा मला विचारू नका. त्यांनीच तो कधी ठेवला नाही. "लग्नं त्यांची त्यांनी केली, मी फक्त फायली काढून दिल्या," असं म्हणायच्या. पण मांडवीतून भाजी घेऊन त्यांच्याबरोबर घरी यायचं म्हणजे दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास. दर चार पावलांवर कोणीतरी वाकून नमस्कार करणार, कडेवरचं पोर पुढे करणार आणि "मावशींना केम छो म्हण" असं त्याला शिकवणार. मी आपली पिशव्या धरून उभी. वैताग यायचा अगदी.

मी शालिनी. वधू-वर मंडळात अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. माझं तोंड फाटकं, हे आमच्या अख्ख्या मांजलपूर भागाला माहीत आहे. त्यांचं तोंड शिवलेलं. म्हणून तर आमचं जमायचं. आज मी हे लिहायला बसले आहे ते त्यांचं कौतुक करायला नाही, त्याला गावात खूप माणसं आहेत. माझ्यामुळे त्यांचं काय झालं, ते मला सांगायचं आहे.

अहल्याताई एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होत्या. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. सासऱ्यांचे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे त्या घरात कागदाला पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावायची पद्धत. यजमान श्रीपतराव चाळिशीतच गेले. मूलबाळ नाही. ते गेल्यावर दोन वर्षांनी मंडळाचे अध्यक्ष दत्ताजीराव घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, मंडळाच्या फायलींना कोणी वाली नाही, तुम्ही बघता का?" त्यांनी बघितल्या. दत्ताजीराव तेव्हाही अध्यक्ष होते आणि आजही तेच आहेत. त्या खुर्चीचा आणि त्यांचा काय ऋणानुबंध आहे देव जाणे!

प्रत्येक स्थळाची एक फाईल असायची. फोटो, पत्रिका, शिक्षण, उंची, नोकरी. ती रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत येऊन कोणाही सभासदाने पाहावी. पण ज्याच्या आयुष्यात काही सांगायला जड जाईल असं असेल, म्हणजे मोडलेलं लग्न, आजारपण, दत्तकाची गोष्ट, त्याच्यासाठी वेगळं पाकीट. कागद आत, वर चिकटपट्टी, आणि जोडावर दोन सह्या. एक ज्याचे कागद त्याची, एक अहल्याताईंची. त्या स्वतःसुद्धा ते पाकीट उघडत नसत.

दोन भेटी होऊन मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, की तिसरी बैठक अहल्याताईंच्या घरी. मोठी माणसं बाहेरच्या खोलीत चहा पीत बसायची. आत स्वयंपाकघरात ज्याचं पाकीट त्याने ते स्वतःच्या हाताने फोडायचं आणि जे असेल ते समोरच्याला सांगायचं. अहल्याताई तिथेच असायच्या, पण पाठ करून पोळ्या लाटत. "आपलं दुखणं आपल्या तोंडून गेलं पाहिजे," म्हणायच्या. "कागद नुसता साक्षीला." एकदा एका मुलाने घाम पुसत पुसत सांगितलं, की लहानपणी मला फिट्स यायच्या. मुलगी म्हणाली, "बस, एवढंच? मला वाटलं तुमचं कुठे लफडं आहे!" अहल्याताईंची तव्यावरची पोळी करपली हसता हसता. त्या दोघांना आता दोन मुलं आहेत. सगळ्याच बैठका अशा जायच्या नाहीत. काहीजण अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले. पण आतलं कधी बाहेर गेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अहल्याताईंनी ती उघडू दिली नाही.

मग २०२४ च्या गोकुळाष्टमीत विश्वामित्री नदी शहरात शिरली. मंडळाची खोली तळमजल्यावर. तीन दिवस आत कंबरभर पाणी, आणि आम्ही घरात बसून टीव्हीवर लोकांच्या अंगणातल्या मगरी बघतोय. पाणी उतरल्यावर गेलो, तर कपाट गाळात रुतलेलं. वरच्या फायली वाचल्या होत्या. पाकिटं सगळ्यात खाली, कारण खालच्या कप्प्याला वेगळं कुलूप होतं. सदतीस पाकिटं, सगळी भिजून लगदा व्हायच्या बेतात. अहल्याताई तिथेच खाली बसल्या आणि पदराने एकेक टिपायला लागल्या. रडत होत्या, पण आवाज नाही. मी त्यांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझा स्वभाव असा, की कोणी रडायला लागलं की मला काहीतरी करून दाखवायचं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मी म्हटलं, "ताई, माझ्या गच्चीवर वाळवू, सगळं स्कॅन करू आणि ऑनलाइन ठेवून देऊ. तिथे ना पाणी, ना वाळवी."

"तिथं कुलूप असतं का गं?"

"पासवर्ड असतो."

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग ठीक आहे," म्हणाल्या. त्यांनी एवढाच विचार केला. किल्ली शालिनीकडे आहे ना, मग ठीक आहे.

त्यांनी सदतीस जणांना फोन करून पाकिटं उघडायची परवानगी घेतली. सगळे "मावशी, तुम्ही आहात ना, मग काय" असं म्हणाले. मला मात्र बजावलं, "कागद पालथे वाळव. स्कॅन करताना डोळे कडेवर ठेव, मजकुरावर नको. मी शब्द दिलाय त्यांना." मी म्हटलं, "अहो, वाचत बसायला मला वेळ कुठे आहे!"

आणि मी वाचलं. मैथिलीचं वाचलं.

मैथिली आमच्याच सोसायटीतली, दोन इमारती सोडून राहते. एकतीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. माझ्या यजमानांचा, गजेंद्रांचा, गुडघा तिनेच सरळ केला. पाच वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, चार महिन्यांत ती परत आली आणि पुढे कोर्टाने ते लग्न रद्द ठरवलं. लग्न मोडलं हे सगळ्यांना माहीत, का मोडलं हे कोणालाच नाही. मलाही नाही, आणि ते मला खुपत होतं. आता तो कोर्टाचा कागद माझ्या हातात, ओला, पहिल्या पानावर तिचं नाव. गच्चीवर उभ्या उभ्या मी तो शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही, एवढी अक्कल उशिरा का होईना आली आहे. वाचून मला वाईट वाटलं, हे खरं. आणि मनातल्या मनात "अस्सं होय!" झालं, हेही खरं.

मग मी ऑनलाइन फोल्डर केलं. मोठ्या फोल्डरमध्ये सगळे बायोडेटा, आणि त्याच्या आत एक छोटं फोल्डर, नाव "पाकिटं". कपाटात जसा खालचा कप्पा, अगदी तसं. स्वतःवर इतकी खूश झाले होते की गजेंद्रांना बोलावून दाखवलं. कपाटातल्या त्या कप्प्याला वेगळं कुलूप होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बाहेरचं दार बंद आहे ना, मग आतल्याला कशाला, असं वाटलं.

डिसेंबरात मंडळाचा वधू-वर मेळावा होता. नाव नोंदवलेल्या घरांना मी मोठ्या फोल्डरची लिंक पाठवली. झालं, दिवसभर परवानगी मागणाऱ्या मेल. इंदूरचे, ग्वाल्हेरचे, पुण्याचे, कोणाला उघडत नाही, कोणाचा ईमेल दुसराच, कोणी नातवाच्या मोबाइलवरून बघतंय. एकेकाला परवानगी देता देता माझा जीव मेटाकुटीला आला. दत्ताजीराव म्हणाले, "अहो शालिनीवहिनी, उघडं करून टाका ना! परकं कोण आहे? सगळी आपलीच माणसं." मी करून टाकलं. लिंक ज्याच्याकडे असेल तो कोणीही बघू शकेल, असं एक बटण असतं, ते दाबलं. म्हटलं, रविवारी मेळावा झाला की बंद करू. रविवारी संध्याकाळी पायांचे तुकडे पडले होते, सेव-उसळ मागवली, खाल्ली आणि झोपले. सोमवारी नणंद राहायला आली. मंगळवारी मी विसरले. इतकं साधं आहे ते.

मोठं दार उघडलं की आतला कप्पाही उघडतो, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायला काय झालं होतं? विचारायचं ना कोणाला तरी! दुसऱ्यांच्या घराच्या किल्ल्या कनवटीला लावून मी मिरवत होते.

त्याच मेळाव्यात मैथिलीला छाणी भागातला निहार भेटला. दोन भेटी झाल्या. पहिल्या भेटीनंतर ती आमच्याकडे गजेंद्रांचा गुडघा बघायला आली ती गुणगुणत. पाच वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्या भेटीनंतर अहल्याताईंकडे जाऊन म्हणाली, "मावशी, तिसरी बैठक ठरवा. पण सांगायला सुरुवात कुठून करू?" त्या म्हणाल्या, "मधूनच कर. म्हणजे लवकर संपेल." दोघी हसल्या. मी तिथेच वाल सोलत बसले होते. ती पुढे म्हणाली, "त्याने नाही म्हटलं तरी चालेल मला. पण कोर्टात ते वकिलांनी सांगितलं, घरी बाबांनी सांगितलं. आयुष्यात एकदा तरी मला ते स्वतः सांगायचंय." तिला स्थळापेक्षाही हे जास्त हवं होतं. अहल्याताईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तूच सांगशील. माझा शब्द."

मेळाव्यानंतर विसाव्या दिवशी, शनिवारी, अहल्याताईंच्या घरी बैठक ठरली. त्यांनी सकाळपासून चिरोटे केले होते. मैथिली पाचला आली. वाळलेले कागद नव्या पाकिटात घातलेले, पुन्हा दोन सह्या. साडेपाचला निहारची आई आणि मावशी आल्या. निहार नाही.

मावशी बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "आम्हाला सगळं कळलंय. एवढं मोठं लपवायचं म्हणजे काय!"

मैथिली म्हणाली, "लपवलं नाही. आजच सांगणार होते."

"आता काय सांगणार? मंडळाच्या लिंकवर आहे की सगळं. माझ्या जावेने पाहिलं, तिने पाठवलं. हे बघा." आणि मोबाइल पुढे केला. त्यावर मी केलेला स्कॅन. कोपऱ्यात पाण्याचा डाग.

अहल्याताईंनी विचारलं, "कोणती लिंक?" आणि माझ्याकडे वळल्या. मी मोबाइल काढला. दोनदा पासवर्ड चुकला. मग ते बटण परत फिरवलं. दहा सेकंदांचं काम हो! वीस दिवस राहिलेलं दहा सेकंदांचं काम.

मैथिलीने पाकीट पर्समध्ये घातलं, चपला घातल्या आणि गेली. खाली तिची स्कूटर सुरू होत नव्हती, तिने किती वेळ किक मारली ते आम्ही वर ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी निहारचा फोन आला अहल्याताईंना. म्हणाला, "मावशी, मला कागदाचं काही नाही. पण माझ्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचलंय. जेवताना बोलतात त्यावर. तिला मी या घरात कोणत्या तोंडाने आणू?" मुलगा वाईट नव्हता. तेच जास्त लागतं.

मंडळाची बैठक बोलावली. बटण दाबायला सांगणारे दत्ताजीराव खुर्चीत बसून विचारतात, "ही चूक कोणाची?" मी तोंड उघडायच्या आत अहल्याताई म्हणाल्या, "पाकिटं माझ्या ताब्यात होती. चूक माझी." आणि राजीनामा ठेवला. मी, फाटक्या तोंडाची शालिनी, जिने रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत कोणाला सोडलं नाही, ती समोरच्या चहावरची साय बघत बसले. दत्ताजीरावांनी आभाराचा ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. तो हात आठवला की अजून अंगाची आग होते.

अहल्याताईंचा पुतण्या कुणाल पुण्याला कंपनीत ऑनलाइन माहिती सांभाळायच्याच कामात आहे. त्याने फोनवर मला शांतपणे समजावलं. असले कागद त्या फोल्डरात ठेवायचेच नव्हते. अगदी वेगळे ठेवायचे, ज्याचे कागद त्याच्याच ईमेलला परवानगी द्यायची, उघडताना मोबाइलवर कोड येईल अशी सोय करायची, आणि मूळ कागद वाळले म्हटल्यावर स्कॅन पुसून टाकायचे. "काकू, गरजच काय होती ठेवायची?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, पूर आला होता." किती वेडं उत्तर ते. कागद तर वाचले होते.

पुढचे चार दिवस अहल्याताईंनी सदतीस घरी फोन केले. मी शेजारी बसून नंबर लावून देत होते. त्या प्रत्येकाला तेच सांगायच्या, "तुमचं पाकीट तीन आठवडे उघडं होतं. कोणी पाहिलं असेल, नसेल. मी राखू शकले नाही. मला क्षमा करा." कोणी ओरडलं, कोणी फोन ठेवला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ज्यांनी मुलगी दत्तक असल्याचं तिला अजून सांगितलं नव्हतं, त्यांनी नुसतं "अरे देवा, अरे देवा" केलं, आणि ताई फोन कानाला धरून ऐकत राहिल्या. मध्येच पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "पुढचा लाव." दर वेळी मला वाटायचं, आता म्हणावं, द्या इकडे, मी सांगते की हे मी केलं. दर वेळी मी पुढचा नंबर लावला.

महिन्याने मैथिली अहल्याताईंकडे आली. फाईल परत न्यायला. मी होतेच तिथे. फाईल हातात घेऊन तिने विचारलं, "किती जणांनी वाचलं?"

अहल्याताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते कळत नाही गं. उघडी लिंक असली की कोण आलं, कोण गेलं, नावं दिसत नाहीत. कुणालने पण बघितलं."

"म्हणजे दहा की हजार, तेही नाही?"

"नाही."

ती उभीच होती. म्हणाली, "काकू, मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरले की प्रत्येकाचं तोंड बघते. याने वाचलंय का, हिने वाचलंय का. पेशंटच्या गुडघ्यावर हात ठेवते आणि वाटतं, याला माहीत असेल. त्या छाणीच्या बायकांचं मला ठाऊक आहे. त्या सोडून एक नाव तरी सांगा. एक तरी नक्की कळू दे, म्हणजे बाकीच्यांकडे बघायचं मी बंद करीन."

तिला खरंच हवं होतं ते. आणि तिला देता येईल असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

मी म्हटलं, "मी वाचलं. लिंकच्या आधी. गच्चीवर, वाळवताना. आणि ते बटण मीच उघडं ठेवलं, ताईंनी नाही."

मैथिली रागावली असती, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. "थँक यू काकू," म्हणाली आणि गेली. गजेंद्रांच्या गुडघ्याला आता दुसरी मुलगी येते.

अहल्याताई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी बटणाबद्दल एक शब्द काढला नाही, ते त्यांनी केव्हाच पोटात घातलं होतं. त्यांनी विचारलं, "शालिनी, एवढं एकच वाचलंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईसमोर नाही बोलता येत.

"सगळी," मी म्हटलं. "सदतीसच्या सदतीस."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा झाला, आम्ही प्यायलो, भाज्यांचे भाव काय आहेत त्यावर बोललो.

याला दीड वर्ष होत आलं. अहल्याताई माझ्याशी बोलतात. संक्रांतीला तिळगूळ दिला, दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, वाटेत दिसले की थांबतात. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. परवा मांडवीत भाजी घेत होते, तर भाजीवालीने विचारलं, "अहल्याबेनची तब्येत आता कशी आहे? दवाखान्यातून घरी आल्या ना?" मी म्हटलं, "कसला दवाखाना?" ती म्हणाली, "लो, तुम्हाला माहीत नाही? पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना, आठ दिवस होत्या. त्यांच्या पोळीतल्या घराघराला माहीत आहे, तुम्ही तर त्यांच्या घरच्या!" मी "हो, हो, विसरले" असं काहीतरी म्हटलं, पावशेर मिरच्या घेतल्या आणि त्यांच्या घराकडे न वळता सरळ रिक्षा केली.